सहावी चादर

१

उदयसिंह जगदाळेचा फोन आला तेव्हा मी चटणीसाठी शेंगा भाजत होते.

"शरणम्मा, येतीस का? आत्ताच्या आत्ता. आणि कुणाला बोलू नको."

दहावीपर्यंत हा माझ्या मागच्या बाकावर बसायचा. कंपास हरवला की नेमका याच आवाजात बोलायचा. तेव्हा तो चौथ्या तुकडीतला पोरगा होता आणि आता मुख्यमंत्र्यांचा मुख्य राजकीय सल्लागार आहे, पण घशातून आवाज तोच आला. मी गॅस बंद केला.

माझ्याकडेच फोन का, हे सांगायला हवं. मी एकतीस वर्षं एसटीच्या आगारात हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर काढली. छत्र्या, डबे, कवळ्या, एकदा तर मुंडावळ्यांसकट नवरदेवाची पिशवी. या नोकरीनं मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, माणसं "चोरीला गेलं" म्हणून ओरडत येतात आणि बहुतेक वेळा वस्तू त्यांनी स्वतःच्याच हातानं कुठंतरी ठेवलेली असते. दुसरी, खूण पटवल्याशिवाय वस्तू द्यायची नाही. आत काय आहे, ते मालकानं खिडकीबाहेर उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं. एका साहेबांना आपल्या बॅगेत बायकोची साडी आहे हे रांगेसमोर सांगावं लागलं होतं. लाजले, पण सांगितलं, आणि मगच बॅग मिळाली.

होटगी रस्त्यावरच्या त्याच्या बंगल्यात पोचले तेव्हा सव्वाअकरा झाले होते. व्हरांड्यात एक तिशीतली मुलगी मांडीवर पॅड घेऊन काहीतरी लिहीत होती. डोळे लाल, अक्षर मात्र सरळ.

"काय लिहिलालीस गं?" मी विचारलं.

"राजीनामा," ती म्हणाली. "साहेबांनी तीन वाजेपर्यंत मागितलाय."

२

आत टेबलावर एक नारळ, एक गुच्छ आणि एक रिकामी फाईल पडली होती. उदयसिंह येरझाऱ्या घालत होता.

"वस्तू काय?" मी विचारलं. सवय जात नाही.

"एक कागद. पिवळा, रेघांचा. चार घड्या."

मुख्यमंत्री चार वाजता हेलिकॉप्टरनं सोलापुरात उतरणार होते. पोटनिवडणुकीची उमेदवारी कुणाला द्यायची, ते त्या कागदावर होतं. उदयसिंहाची पद्धत जगावेगळी. सल्ला म्हणून तो कधी टाईप करत नाही, फोनवर पाठवत नाही. एकच प्रत, स्वतःच्या हातानं, पिवळ्या कागदावर. मुख्यमंत्री त्याच्यासमोर वाचतात आणि लगेच तो फाडून टाकतो.

"त्यात प्रत्येक इच्छुकाबद्दल मी खरं लिहिलंय," तो म्हणाला. "अगदी खरं. कळतंय का? ते बाहेर आलं तर उद्या सहाजण बंड करतील आणि सातवा मी घरी बसीन."

"तू घाबरतोस होय घरी बसायला?"

"त्याला नाही भीत." त्यानं जाकिटाच्या आतल्या खिशातून एक लिफाफा काढून दाखवला. कडा मळलेल्या होत्या. "हा बघ, माझा राजीनामा. नऊ वर्षं इथंच आहे. हा खिशात असतो म्हणून साहेबांना तोंडावर नाही म्हणता येतं. बाकी सगळे हो म्हणायला असतातच की."

मला हे आवडलं. पण आवडण्यासाठी मला बोलावलं नव्हतं.

"शेवटचा कधी बघितलास?"

"सकाळी साडेनऊला एका महिला मंडळाच्या अभ्यासिकेचं उद्घाटन होतं. व्यासपीठावर बसल्या बसल्या मी कागद काढला, शेवटी एक ओळ वाढवली, परत फाईलमध्ये घातला आणि फाईल गुलनाजकडे, बाहेर बसलीय तिच्याकडे, दिली. मुंबईचा फोन आला म्हणून सव्वादहाला निघालो. घरी येऊन फाईल उघडली तर रिकामी."

"काय ओळ वाढवलीस?"

त्याचा चेहरा कडू झाला. "ते नको विचारू. आज सकाळीच मी त्या पोरीवर… जाऊ दे. फाईल तिच्याकडं होती, दुसरं कोण घेणार?"

"पोलिसांना सांगितलंस?"

"सांगितलं तर अर्ध्या तासात टीव्हीवर."

"आणि त्या पोरीला मात्र दहा मिनिटांत काढलीस."

मी टेबलाकडे पुन्हा बघितलं. नारळ होता, गुच्छ होता. आमच्या सोलापुरात पाहुण्याचा सत्कार झाला आणि घरी एवढंच आलं, हे काही बरोबर वाटेना.

३

गुलनाज शेखनं मला खुर्ची दिली आणि स्वतः पायरीवर बसली. आठ वर्षं ती उदयसिंहाची स्वीय सहायक होती.

"मावशी, मी फाईल उघडली नाही. ती उघडायची मला परवानगीच नाही. आठ वर्षांत एकदाही नाही उघडली."

"फाईल तुझ्या हातात कधी आली?"

"सत्कारासाठी साहेबांचं नाव पुकारलं तेव्हा. उठता उठता त्यांनी माझ्याकडे सरकवली. मी काखेत धरली, ती घरी येईपर्यंत तिथंच."

"त्याआधी व्यासपीठावर काय झालं? आठव."

तिनं डोळे पुसले आणि खरंच आठवून सांगितलं. भाषणात उदयसिंह अभ्यासिकेला जागा देणाऱ्या गृहस्थांचं कौतुक करणार होता. ते गृहस्थ गेल्याच आठवड्यात वारले होते, आणि तो त्यांना पुढं येऊन फूल घ्या म्हणणार होता. गुलनाजनं वेळेत चिठ्ठी सरकवली. त्यानं भाषण बदललं, सभागृहाला दोन मिनिटं उभं केलं. लोकांचे डोळे भरून आले.

"खाली बसल्यावर साहेबांनी माझ्याकडे बघितलं, आणि कागद काढून काहीतरी लिहिलं. मला वाटलं, चूक टिपून ठेवली असेल."

"राजीनामा कशाला लिहितीस मग? घेतला नाहीस ना?"

"काय करू? उद्या पेपरात माझं नाव येणार. कागद नंतर सापडला तर ते कोण छापणार, मावशी? अम्मी सगळ्या गल्लीला सांगत फिरते, माझी पोरगी सीएमच्या माणसाकडं आहे म्हणून. आता तिनं काय सांगायचं?"

मला तिची मनापासून दया आली, आणि उदयसिंहाचा तितकाच राग आला.

तेवढ्यात फाटकाशी एक पांढरी गाडी थांबली. पांढऱ्याशुभ्र कपड्यातला एक गृहस्थ उतरला, व्हरांड्यात आम्हाला बघून चपापला आणि सरळ मागं वळला.

"अहो सयाजीराव," मी हाक मारली, "आलाव तर बसा की. पळलालाव कशाला?"

४

सयाजी पक्षाचा तालुकाध्यक्ष. मांडव, माईक, हार, सगळं त्याच्याकडं. पोटनिवडणुकीला तोही इच्छुक होता, म्हणजे त्या कागदात त्याचंही नाव असणार. तिकिटाचा निकाल आज लागणार, एवढं त्यालाही ठाऊक होतं.

"सायेब मोकळे हायत का बगायला आल्तो," तो घाम पुसत म्हणाला. जानेवारीचा महिना, सकाळची हवा गार, आणि याला घाम.

"कार्यक्रम छान झाला म्हणे."

एवढं म्हटल्यावर गडी खुलला. "मग काय ओ! पाच सत्कार. पाच चादरी सोता चाटी गल्लीच्या कापडबाजारातनं निवडून आणल्या. चार तांबड्या आन् सायबांसाठी येक हिरवी, मोराची. खास."

"फोटो असतील की."

त्यानं फोन माझ्या हातात दिला. मी चष्मा लावून एकेक फोटो सावकाश सरकवला.

पहिल्या फोटोत उदयसिंह उभा राहतोय. उजव्या हातात घडी केलेला पिवळा कागद. बाजूला गुलनाज, तिच्या काखेत फाईल, बंद. मी फोटो मोठा केला. कागद त्याच्या हातात, फाईल तिच्या काखेत, दोन्ही एकाच फोटोत.

मी तो गुलनाजपुढे धरला. तिनं बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. फाईल तिच्याकडं आली तेव्हाच रिकामी होती. कागद फाईलमध्ये घातला असं उदयसिंहाला नुसतं वाटत होतं. पोरगी सुटली. माझ्या छातीवरचं अर्धं ओझं उतरलं.

दुसऱ्या फोटोत मंडळाच्या अध्यक्षा त्याच्या खांद्यावर हिरवी चादर घालताहेत. तिसऱ्यात तो दोन्ही हात जोडून नमस्कार करतोय. हात रिकामे. म्हणजे दोन फोटोंच्या मधे, चादर अंगावर पडताना, कागद हातातून गेला.

"सयाजीराव, सायबांची चादर कुठं आहे?"

"चादर?" त्यानं पुन्हा घाम पुसला. "चादर… गाडीत ठिवली की. भीमाकडं दिली. नारळ, गुच्छ, चादर, समदं संगटच."

ड्रायव्हर भीमा फाटकाशी गाडी पुसत होता. मी तिथूनच विचारलं. तो सरळ माणूस, फडकं पिळत म्हणाला, "चादर? न्हाय मावशी. नारळ आन् गुच्छ, येवडंच दिलं मला."

सयाजी उठून उभा राहिला.

५

आतून उदयसिंह बाहेर आला. त्यानं भीमाचं बोलणं ऐकलं होतं. "सयाजी! तू घेतलास कागद?"

"कागद? कसला कागद?" सयाजी खरंच बावचळला. "आईच्यान सायेब, मला कागदाचं काय म्हाईत न्हाय!"

"मग खोटं का बोललास?"

"थांब उदय," मी म्हटलं. "एका तासात दोन चोर धरलास. माणसं ओळखण्याचा तुला पगार मिळतो ना रे?"

मी सयाजीला शेजारी बसवलं आणि फोटो पुढं सरकवत गेले. चार माणसं, चार तांबड्या चादरी. आणि मग सहाव्या सत्काराचा फोटो. लुगड्यातली एक वयस्क बाई, हसून कॅमेऱ्याकडे बघणारी. तिच्या खांद्यावर हिरवी चादर. मोराची.

"चादरी पाच आणल्या," मी म्हटलं. "सत्कार झाले सहा. आणि हिरवी तर एकच होती. सांगा आता."

सयाजीनं मान खाली घातली. "अय्या मावशी, लाज काडू नका. ऐन वक्ताला मंडळाच्या बायका म्हनल्या, आमच्या दगडाबाईबी आल्यात, अंगनवाडीतनं रिटायर झाल्यात, त्यास्नीबी चादर घाला. माज्याकडं चादर संपल्याली. सायेब फोनवर बोलत बाह्यर गेल्ते, त्यांची चादर घडी घालून टेबलावर पडल्याली. उचलली आन् घातली बाईंच्या खांद्यावर. लई टाळ्या पडल्या! आता सायबांच्या सत्काराची चादर दुसऱ्याला घातली म्हनून कळलं आसतं तर तिकिट सोडा, दारात उबं केलं आसतं का मला?"

गुलनाज त्या दिवसात पहिल्यांदा हसली. हसू कशाला येऊ नये? राजकारणातल्या कुठल्याही माणसाला विचारा, सत्काराच्या चादरी आणि शाली कधी कुणाच्या घरी मुक्कामाला राहत नाहीत. आज याच्या खांद्यावर, उद्या त्याच्या. फक्त ही चादर दहा मिनिटांतच पुढच्या गावाला निघाली होती.

"पण कागद चादरीत कसा जाईल?" उदयसिंह म्हणाला.

"जाकीट घाल आणि उभा राहा."

मी आतून एक जाड सोलापुरी चादर मागवली. सत्काराला घालतात तशी उभी दुमडून त्याच्या खांद्यावर टाकली, छातीवर दोन्ही पदर सोडले. गळ्यात हार म्हणून गुलनाजची ओढणी. हातात एक साधा कागद दिला.

"आता नमस्कार कर."

त्याला हात मोकळे करायचे होते. न बघता त्यानं कागद छातीशी नेला, आतल्या खिशात सरकवल्यासारखा केला आणि हात जोडले. मी चादर काढली. खिशात फक्त तो मळका लिफाफा होता. चादरीची दुमड उघडली तर साधा कागद खाली पडला.

"तुझा हात खिसा शोधत होता आणि आधी चादरीची दुमड लागली. तुझ्या बोटांना कळलं, कागद आत गेला. मग फाईलमध्ये गेला असं तुझ्या डोक्यानं ठरवलं, कारण रोज तसंच असतं."

उदयसिंहानं खाली पडलेला कागद उचलला. घड्याळात साडेबारा झाले होते.

"दगडाबाई कुठं राहतात?" मी विचारलं.

"मोहोळला," सयाजी म्हणाला. "आन् मावशी, येक सांगू का? त्या म्हनत हुत्या, घरी गेल्या गेल्या चादर धुनार, नवीन कापडाला खळ असती म्हनून."

६

भीमानं गाडी हाणली. मागच्या सीटवर मी आणि सयाजी. सयाजी सगळ्या वाटेत एकच विचारत होता, "मावशी, त्या कागदात माज्याबद्दल काय आसंल ओ?"

मोहोळला दगडाबाईंच्या अंगणात पोचलो तेव्हा तारेवर एक ओली चादर वाळत होती. जवळ गेले. तांबडी. जुनी. मी दाराची कडी वाजवली.

दगडाबाई बाहेर आल्या. "या की. ती हिरवी का? ती कशाला धुती? नात झोपली की तिच्यात गुरफटून. उठू दे, मग बगू."

"बाई, त्या चादरीत एक कागद होता."

"व्हय. पिवळा." त्यांनी आतून अंगणवाडीची जुनी हजेरीवही आणली. मधोमध कागद, चारही घड्या शाबूत. "लिवलेला कागद पायाखाली येऊ न्हाय म्हनून ठिवला. कुनाचा त्ये कळंना. खाली नाव न्हाय."

"वाचलात?"

"तीस वर्सं पोरांस्नी वाचाय शिकवलं. कागद दिसला की डोळं थांबत्यात व्हय? पर कुनाला बोलले न्हाय. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट हाय ती." मग त्यांची नजर सयाजीवर गेली. "सयाजी म्हंजी तूच न्हवं? तुज्याबद्दल लिवलंय त्ये खरं हाय बग."

"काय लिवलंय?" सयाजी पुढं सरसावला.

"कार्यक्रम करावा तर ह्यानंच. पर आमदार झाला तरीबी कार्यक्रमच करत बसंल, आसं."

सयाजीनं वर आकाशाकडं बघितलं. मग म्हणाला, "तसं खोटं न्हाय ते." आणि मला वाटतं त्यालाही कुठंतरी सुटल्यासारखं झालं.

कागद मी उघडला नाही. माझ्या खिडकीचा तो नियमच होता. पण निघताना दगडाबाईंनी माझा हात धरला. "शेवटाला वेगळ्या शाईनं येका पोरीचं नाव हाय. तिला कुनी सांगितलंय का?"

"अजून नाही," मी म्हटलं. "पण आज सांगतील."

७

पावणेतीन वाजता आम्ही परत आलो. व्हरांड्यात गुलनाज तशीच बसलेली. पॅडवरचा राजीनामा लिहून पूर्ण झाला होता, खाली सही. चादरीचा प्रयोग बघून झाला तरी उदयसिंहानं राजीनामा परत घे म्हणून सांगितलं नव्हतं. कागद सापडेपर्यंत त्याला काही सुचतच नव्हतं म्हणे.

मी कागद दाखवला. त्यानं हात पुढं केला. मी कागद मागं घेतला.

"खूण सांग."

"शरणम्मा, थट्टा नको. सव्वा तास राहिलाय."

"एकतीस वर्षं मी कुणाला खूण पटल्याशिवाय वस्तू दिली नाही. शेवटची ओळ सांग. इथं, हिच्यासमोर. मोठ्यानं."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग गुलनाजकडं. मला तो दहावीतला पोरगा दिसला, कंपास आपल्याच दप्तरात सापडल्यावर बावरलेला. मी वाट बघितली.

"माझ्यानंतर या कामाला गुलनाज शेख हिला घ्यावं," तो हळू म्हणाला. "मी चुकतो तिथं ती बरोबर असते. तिच्यावर माझ्याइतकाच विश्वास ठेवावा."

मी कागद उघडून बघितला. शब्दाला शब्द. मी तो त्याच्या हातात दिला.

गुलनाज उभी राहिली होती. "हे लिहिलंत," ती म्हणाली, "आणि तासाभरात माझा राजीनामा मागितलात?"

"हो. एवढं लिहिलं म्हणूनच जास्त लागलं. वाटलं, जिच्यावर एवढा विश्वास टाकला तिनंच…" त्यानं वाक्य सोडून दिलं. "चुकलो, गुलनाज. साहेबांना रोज सांगतो, घाबरलेल्या माणसानं निर्णय घेऊ नये. मला सांगणारं कुणी नव्हतं."

"होतं की. तुम्ही विचारलं नाही."

त्यानं मान डोलावली. सकाळपासून आवळलेले त्याचे खांदे खाली आले. व्हरांड्यातल्या सगळ्यांनीच एकदम श्वास सोडला असेल. भीमानं तर फाटकाशी हात जोडले, कुणाला ते त्यालाच ठाऊक.

"तो फाड आता," उदयसिंह तिच्या हातातल्या राजीनाम्याकडे बघत म्हणाला.

गुलनाजनं राजीनाम्याची चार घड्यांत घडी केली आणि पर्समध्ये ठेवली.

"फाडत नाही, साहेब. हा आता कायम माझ्याजवळ राहील. तुमचा आहे तसा. म्हणजे तुम्हाला तोंडावर नाही म्हणता येईल."

उदयसिंह मोठ्यानं हसला. शाळा सुटल्यापासून मी त्याला असं हसताना बघितलं नव्हतं. मग त्यानं टेबलावरची रिकामी फाईल उचलून तिच्यापुढं धरली, वर पिवळा कागद.

"उघड," तो म्हणाला. "आणि वाचून काढ. सयाजीबद्दल जरा जास्तच लिहिलं असेल तर सांग."

गुलनाजनं आठ वर्षांत पहिल्यांदा ती फाईल उघडली. कागद वाचला, पेन मागून घेतलं आणि सयाजीबद्दलच्या एका ओळीवर काट मारली. उदयसिंहानं बघितलं, आणि नाही म्हणाला नाही.